झाडानं रात्री सांडलेली साखर

पहाटेचे साडेचार वाजलेत. गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याच्या बाजूचं एक लहानसं गाव. चैत्र नुकता लागलाय आणि मी अर्ध्या झोपेत एका आजींच्या मागे ठेचकाळत चाललोय. आजींच्या डोक्यावर टोपली, पायात काही नाही, तरी त्या माझ्या दुप्पट वेगानं पुढे. माझ्या पायात चांगले बूट आणि हातात टॉर्च.

एकाएकी कानावर आलं, टप्. मग टप् टप्. मी वर पाहिलं. आभाळ निरभ्र, चांदण्या लखलखीत.

"आजी, पाऊस?"

आजी हसल्या. "पाऊस कुठचा बापू? मोह पडून राहिला."

टॉर्च खाली मारला आणि बघतच राहिलो. झाडाखाली जमिनीवर फिकट पिवळे, गुबगुबीत मणी पसरलेले. शेकड्यांनी. आणि वरून अजून पडतच होते. हवेत एक वास होता, गोडसर आणि थोडा उग्र, पिकून जास्त झालेल्या फळासारखा. काहींना तो आवडतो, काही नाक दाबतात. मला पहिल्या दिवशी नको वाटला, तिसऱ्या दिवशी आवडायला लागला.

एक फूल उचलून बघू या. फुगवलेल्या वाटाण्यापेक्षा थोडं मोठं. दाबलं की रस येतो. आता ते डोळ्यासमोर धरून उजेडाकडे बघा. आरपार दिसतं! मण्यासारखं भोक आहे त्याला. गावातली पोरं काडीत ओवून याच्या माळा करतात. फुलाला भोक कशाला हवं बरं?

त्याचं असं आहे की खाली पडलेलं हे पूर्ण फूल नव्हेच. हा फक्त पाकळ्यांचा फुगा. आत भिंतीला बारीक पुंकेसर चिकटलेले दिसतील, पण ज्यातून फळ होणार तो स्त्रीकेसर मात्र वर फांदीवरच राहिलाय. अंगठीतून बोट काढावं तसा हा फुगा त्याच्यावरून निसटून खाली येतो. जिथे बोट होतं, तिथे आता भोक.

"दोनच खा," आजी म्हणाल्या, "नाहीतर डोकं गरगरते." मी चार खाल्ली. गोड! मधात बुडवलेल्या मनुकेसारखी. नंतर कळलं की वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास नुसती साखर असते. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घुमायला लागला. फाल्गुन-चैत्रात मोहाच्या झाडावर पान नाही, जमीन तडकलेली, ओढे आटलेले, आणि हे झाड रोज रात्री टोपल्या-टोपल्या साखर जमिनीवर ओतून देतंय. वेडं आहे की काय?

वेडं नाही, हिशेबी आहे. ही साखर आपल्यासाठी नाहीच मुळी. ती आहे रात्रीच्या पाहुण्यांसाठी, म्हणजे वटवाघळांसाठी. अंधारात रंगांचा काय उपयोग? म्हणून मोहाचं फूल पळसासारखं भडक नसतं. ते फिकट असतं आणि वास मात्र दणदणीत. फुलं फांदीच्या टोकाला घोसानं खाली लोंबतात आणि तेव्हा झाडावर पानं नसल्यामुळे वटवाघळाला पंख न अडकता थेट तिथवर जाता येतं. ते येतं, रसाळ फुगा तोंडात धरून ओढतं, रस पितं आणि जाताना तोंडाला लागलेले परागकण दुसऱ्या झाडाकडे घेऊन जातं. मोहाची आणखी एक हुशारी बघा. स्त्रीकेसर कळीतूनच आधी बाहेर डोकावतो आणि आपले परागकण मोकळे व्हायच्या आत शेजारच्या झाडाचे परागकण मिळतात का, याची वाट बघतो. काम झालं की फुगा टप्कन खाली. पहाटे आपण जे वेचतो ते रात्रीच्या पंगतीतलं उरलेलं!

उरलेलं म्हणून कमी लेखू नका हं. ते खायला कोण कोण येतं! हरणं येतात, माकडं येतात, अस्वल तर हमखास येतं. म्हणून आजी झाडाजवळ जाण्याआधी मोठ्यानं बोलतात, खाकरतात. माणूस आलंय हे अस्वलाला कळलं पाहिजे. "आणि वाघ?" मी घाबरत विचारलं. वाघ आला तरी मोहासाठी येणार नाही, कारण वाघाला गोड कळतच नाही. घरच्या मनीपासून वाघापर्यंत या घराण्याच्या जिभेवर गोडाची ओळखच नाही. तुमची मांजर श्रीखंडाला तोंड लावत असेल तर ती स्निग्धपणासाठी, साखरेसाठी नव्हे.

(एक गंमत. मोहाचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. असाच चीक कशाला येतो, आठवा. चिकूला! दोघं एकाच कुळातले. चिकू आला मध्य अमेरिकेतून आणि मोह इथलाच, म्हणजे लांबचे चुलतभाऊ.)

उन्हं चढली की फुलं पडायची थांबतात. मग अंगणात वाळवण. दोन-चार दिवसांत पिवळे मणी तांबूस, सुरकुतलेले होतात आणि पुढे वर्षभर टिकतात. भाजून, कुटून, तीळ घालून त्यांचे लाडू होतात. फुलं आंबवून दारूही काढतात, त्यामुळे शहरात मोह म्हटलं की मोठी माणसं उगाच डोळे मिचकावतात. लाडू खाल्लेला नसतो ना त्यांनी! एक गोष्ट मात्र मला खटकते. फुलं नीट दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात. मग ती आग जंगलात पसरते आणि उगवलेली मोहाची रोपंही जळतात. आमच्या आजी आदल्या संध्याकाळी खराटा मारतात. काही गावांत झाडाखाली जाळी बांधतात. तेच बरं.

आता गोडावरून एकदम कडूकडे. गुढीपाडव्याला सकाळी आई कडुलिंबाची गोळी हातावर ठेवते तेव्हा तुमचं तोंड कसं होतं, आठवलं? कोवळी पानं, थोडा मोहोर, गूळ, चिंच, ओवा, हिंग. गुळाची कितीही लाच दिली तरी कडू ते कडूच.

मोहानं साखर केली ती पाहुण्यांना बोलवायला. कडुलिंबानं कडूपणा केला तो पाहुण्यांना हाकलायला. चैत्रातली त्याची नवी पानं तांबूस, लुसलुशीत असतात, किड्यांना खायला एकदम सोपी. म्हणून झाड त्यांच्यात कडू रसायनं भरून ठेवतं. कडुलिंबात, विशेषतः त्याच्या बियांत, ॲझाडिरॅक्टिन नावाचं एक रसायन असतं. ते पोटात गेलं की किड्याच्या वाढीचं घड्याळच बिघडतं. त्याला कात टाकता येत नाही आणि कात न टाकता किडा मोठा होऊच शकत नाही. आजीच्या तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा पाला का असतो, ते आता कळलं?

आपल्या जिभेनंही याची तयारी करून ठेवलीय. गोड ओळखणारा पहारेकरी आपल्याकडे एकाच प्रकारचा आहे. शास्त्रज्ञ त्याला ग्राही म्हणतात. कडू ओळखणारे पहारेकरी मात्र सुमारे २५ प्रकारचे! साखर ओळखायला एक पुरतो, पण झाडांची विषं नाना तऱ्हेची, मग पहारेकरीही नाना तऱ्हेचे लागतात. लहान मुलांना बरेच कडू पदार्थ मोठ्यांपेक्षा जास्त कडू लागतात. तेव्हा पाडव्याला तुमच्या तोंडाकडे बघून काका हसले तर त्यांना सांगा, "काका, माझे पहारेकरी अजून जागे आहेत."

त्याच पाडव्याच्या ताटात श्रीखंडावर चारोळी असते. तीही रानातलीच. चार नावाच्या झाडाची करड्या-काळ्या रंगाची फळं चैत्र-वैशाखात पिकतात. गर खायचा, आतली कठीण बी वाळवायची, जात्यावर हलक्या हातानं फोडायची, तेव्हा कुठे तो मसुरीएवढा दाणा मिळतो. पुढच्या वेळी श्रीखंड खाताना चारोळी बाजूला काढून एकटी चावून बघा.

म्हणजे रानात गेल्यावर गोड लागलं की खायचं, कडू लागलं की थुंकायचं, झालं? थांबा, थांबा! बिबा बघितलाय? थंडी सरता सरता पिकतो. वरच्या बाजूला नारिंगी बोंडू, त्याला लागून काळं बी, काजूसारखं. काजूच्याच कुळातला आहे तो. बोंडू भाजून-वाळवून खातात आणि बियातली गोडंबी लाडवात घालतात. पण या दोघांच्या मध्ये, बियाच्या कवचात, काळं तेल असतं. ते अंगाला लागलं की फोड येतात. म्हणून बिबा फोडणारी माणसं हाताला राख लावतात आणि बी सरळ बोटांत धरत नाहीत. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला हेच तेल वापरत, कारण धुतलं तरी ते जात नाही. एकाच फळात एक भाग "ये" म्हणतो आणि दुसरा "खबरदार" म्हणतो.

याहून लबाड मोगली एरंड. शेताच्या, कधी शाळेच्याही कुंपणाला असतो. काही जण त्याला चंद्रज्योत म्हणतात. त्याच्या बिया कडू नाहीत की काही नाही, चक्क शेंगदाण्यासारख्या लागतात. आणि विषारी! त्या खाऊन उलट्या-जुलाब सुरू झालेल्या मुलांना दवाखान्यात न्यावं लागल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. इथे जिभेचे सगळे पहारेकरी फसतात. फसत नाहीत त्या आजी. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळतं हो, कोणतं खायचं ते?" तर म्हणाल्या, "माझ्या आईनं खाल्लं, तिच्या आईनं खाल्लं." म्हणून आपला नियम एकच. ते झाड लहानपणापासून ओळखणारं मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय रानातलं काहीही तोंडात घालायचं नाही. फोटो बघून नाही, मित्र म्हणाला म्हणूनही नाही.

राहता राहिला एक प्रश्न. हे सगळं ऐन उन्हाळ्याच्या तोंडावरच का? झाडं वेळापत्रक उलटं लावतात, पावसापासून मागे मोजत. मोहाचं बी फार दिवस तग धरत नाही, त्यामुळे ते पहिल्या सरींच्या सुमाराला जमिनीवर पडलं पाहिजे. फळ जूनच्या आसपास पिकायचं तर फूल मार्च-एप्रिलमध्ये हवं. या फळांना टोळंबी म्हणतात आणि त्यांच्या बियांचं तेल काढतात. म्हणजे फुलांच्या वेळी आजी झाडाखाली, फळांच्या वेळी पुन्हा आजी झाडाखाली.

तुमच्याकडे मोह नसेल, पण सह्याद्रीच्या आसपास राहात असाल तर मे महिन्यात डोंगरची मैना नक्की भेटेल. करवंदं! खेळ ठाऊक आहे ना? करवंद अर्धं चावायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. यंदा आजी-आजोबांना सोबत घ्या, एकाच जाळीची पन्नास करवंदं तोडा, चावण्याआधी प्रत्येकाला कोंबडा की कोंबडी विचारा आणि वहीत दोन रकाने करून मांडा. मग शेजारच्या जाळीची पन्नास. दोन्ही जाळ्यांचे आकडे जुळतात का, ते मला पत्रानं कळवा. ओठांना चीक लागेल, खोबरेल तेलानं निघतो.