बुजऱ्या गोगलगायींची प्रेमपत्रे

अमेरिकन लेखिका सुझन पिअर्सन यांचे ‘स्लग्ज इन लव्ह’ हे बालपुस्तक केव्हिन ओमॅली यांच्या चित्रांसह २००६ साली प्रसिद्ध झाले. मेरीलू आणि हर्बी या त्यातील बागेत राहणाऱ्या, शंख नसलेल्या गोगलगायी. मेरीलूचे मन हर्बीवर जडले आहे. परंतु समोर जाऊन बोलण्याचे धैर्य तिला नाही. म्हणून आपल्या अंगच्या चिकट स्रावानेच ती बागेत ठिकठिकाणी प्रेमकविता लिहून ठेवते. हर्बीला त्या भावतात, तोही उत्तरे लिहितो; ती मात्र तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

ही कल्पना केवळ लाघवी नाही. गोगलगायी खरोखरच एकमेकींच्या ओल्या रेषेचा माग काढीत जोडीदार शोधतात. त्या रेषेतील रासायनिक खुणा त्यांना उमगतात. जमिनीवरील बहुतेक जाती उभयलिंगी असतात. नायक-नायिकेचा भेद ही लेखिकेने घेतलेली सूट. आपण मात्र ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणून या मुक्या जीवाला उगाच कपटी ठरवले. वास्तविक प्राणिशास्त्रातही तिच्या वर्गाचे नाव ‘उदरपाद’, म्हणजे पोटात पाय असलेलाच!

बुजऱ्या मुलाला जवळ घेऊन हे पुस्तक वाचणाऱ्याने हर्बीचे उत्तर हरवते तेथे क्षणभर थांबावे. मूल त्या वेळी आपण होऊन काय बोलते, ते ऐकण्यासारखे असते.