जायरोचं ऋण

क्षेपणास्त्रांवर लिहायचं म्हटलं की आपल्याकडची लेखणी थेट शेवटच्या काही सेकंदांवर उडी मारते. लक्ष्य शोधणारा सीकर उघडला, लक्ष्य दिसलं, अचूक वेध झाला. तिथवरचा सगळा प्रवास कशाच्या भरवशावर झाला, हे कुणी विचारत नाही. माझी नोकरी त्याच प्रश्नापायी खर्ची पडली, म्हणून हा आढावा मी माझ्या क्रमाने घेतो.

सुरुवात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. नेतृत्व कमांडर बब्रू भान यादव यांचं, अस्त्र सोव्हिएत बनावटीचं पी-१५. निर्घातच्या माऱ्याने पाकिस्तानी विनाशिका खैबर बुडाली. बुडण्याआधी तिने कळवलं ते विमानहल्ला झाल्याचं! या पी-१५ चा पल्ला सुमारे ४० किलोमीटर, वेग ध्वनीहून किंचित कमी. म्हणजे उड्डाण दोन-सव्वादोन मिनिटांचं. त्यातला बराच काळ नाकातला रडार सीकर बंदच असतो. तोवर दिशा धरून ठेवतो तो ऑटोपायलटमधला जायरो, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकामुळे आपली दिशा न सोडणारं उपकरण. ठरावीक अंतर कापल्यावर सीकर जागा होतो आणि समोरचा ठळक प्रतिध्वनी पकडतो. जायरोने त्याला नेमक्या जागी आणून सोडलं नसतं, तर त्याला नुसता समुद्र दिसला असता.

सीकरांची जंत्री थोडक्यात उरकतो. १९५८ मध्ये तैवानच्या आकाशात साइडवाइंडरने इंजिनाच्या उष्णतेवरून पहिली विमानं पाडली. आपलं नाग लक्ष्याची अवरक्त प्रतिमा पाहतं, आकाशला जमिनीवरचं राजेंद्र रडार आज्ञा देतं, ब्रह्मोस शेवटच्या टप्प्यात स्वतःचं रडार वापरतं. पाठलागाचं गणित मात्र करंजाच्या कोळ्यालाही ठाऊक आहे: समोरची बोट जवळ येतेय आणि तिची दिशा काही बदलत नाही, तर टक्कर ठरलेली. क्षेपणास्त्र तीच टक्कर मुद्दाम घडवतं. त्याच्यापासून लक्ष्यापर्यंतची दृष्टिरेषा ज्या गतीने फिरते, तिच्या साधारण तीन ते पाच पट गतीने ते आपला मार्ग वळवतं. पण ती रेषा किती फिरली, हे कशाच्या तुलनेत मोजायचं? पुन्हा जायरोच्याच!

आता माझा विषय. जडत्वीय मार्गदर्शनात बाहेरून काहीच विचारायचं नसतं. जायरो वळण सांगतो, त्वरणमापी वेगातला बदल सांगतो. दोनदा संकलन केलं की स्थान मिळतं. मेख चुकीत आहे. त्वरणमापीत गुरुत्वाच्या हजाराव्या भागाएवढी कायमची चूक असली, तर एका मिनिटात आपण १८ मीटर सरकतो आणि दहा मिनिटांत जवळपास १,८०० मीटर. वेळ दसपट, चूक शंभरपट. जायरो सरकला की त्वरणमापीतही अशीच चूक शिरते, म्हणून चाचणीच्या बाकावर आमचं सगळं लक्ष जायरोच्या चाकाकडे असे. वीज तोडायची आणि स्टॉपवॉच धरायचं. मिनिटाला हजारो फेरे घेणारं चाक नेहमीपेक्षा लवकर थांबलं, की बेअरिंग गेलं समजायचं. मग ते युनिट कितीही गोड फिरत असो, बाजूला काढायचं.

१९८७ मध्ये बड्या देशांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर निर्बंध आणले, त्यांच्या यादीत जायरो आणि त्वरणमापी होतेच. उगाच नव्हते. २५ फेब्रुवारी १९८८ ला पृथ्वी क्षेपणास्त्र उडालं ते जडत्वीय प्रणालीवर, आणि त्याच वर्षी हैदराबादेत ‘रिसर्च सेंटर इमारत’ ही संशोधन संस्था उभी राहिली. पुण्याच्या पाषाणला एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेत घडलेल्या पिनाकाची गोष्टही हीच. कारगिलमध्ये गाजलेलं हे रॉकेट सोडलं की सुटलं, अशा जातीचं. पल्ला सुमारे ३८ किलोमीटर. पुढे त्याला मार्गदर्शन संच आणि वळवणारे पंख मिळाले, जानेवारी २०१७ मध्ये चांदीपूरला चाचणी झाली, आणि नंतरच्या आवृत्तीत पल्ला ७० किलोमीटरच्या पुढे गेला. नेम सुधारला आणि पल्लाही वाढला. नुसती जास्त दारू भरून हे दोन्ही साधलं नसतं.

आमच्यातलेच काही मान्यवर म्हणतात, आता उपग्रह आहेत, जायरोचं काय घेऊन बसलात? त्यांना युक्रेनकडे बघा म्हणावं. रशियन जॅमिंगपुढे जीपीएसवर विसंबलेल्या एक्सकॅलिबर तोफगोळ्यांचा नेम ढासळला. आपल्या ‘नाविक’ या दिशादर्शक उपग्रहमालिकेतल्या पहिल्याच उपग्रहाची तिन्ही आण्विक घड्याळं बंद पडली, आणि ती आयात केलेली होती. उपग्रहाने जायरोची चूक अधूनमधून पुसावी, हे मला मान्य आहे. त्याने जायरोची जागा घ्यावी, हे कदापि नाही.

ओवे गावातल्या माझ्या घरी ड्रोन बांधणारी मुलं येतात. हुशार आहेत, हात चालतो. पण सेन्सरची चिप तासाला किती अंश सरकते, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी मोजलेलं असतं, कारण ज्या बाकावर ते मोजायचं तो त्यांच्या महाविद्यालयात उरलेलाच नाही. सॉफ्टवेअर सगळं सांभाळून घेतं, असं त्यांना शिकवलं गेलंय. याचा मला मनापासून राग येतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक तंत्रनिकेतनात एक फिरतं मेज आणि एक चांगला जायरो ठेवा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, हे ज्याने बंद खोलीत, खिडकीबाहेर न पाहता स्वतः मोजलं, त्याच्या हातून मार्गदर्शन प्रणाली घडेल. बाकीचे विकत आणलेली जोडतील, आणि विकणाऱ्याने हात आखडला की थांबतील.