बिबट्याचा अभ्यास आणि शाश्वत विकास

घोडबंदर रस्त्याच्या एका अंगाला येऊरचे डोंगर, तर दुसऱ्या अंगाला वसईची खाडी आहे. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात एके काळी भातशेती आणि पाडे होते. आज तेथे उंच इमारतींच्या रांगा आहेत. डोंगरावरील जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबट्याचे वास्तव्य असून उद्यानाची हद्द तो पाळीत नाही.

२००४ साली उद्यानाच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे मृत्युमुखी पडली. बिबटे पकडून दूर नेऊन सोडावेत, ही लोकांची मागणी स्वाभाविकच होती. परंतु हा उपाय खरोखरच गुणकारी आहे काय?

जुन्नरचा धडा

या प्रश्नाचे उत्तर जुन्नर परिसरातील संशोधनाने दिले. तेथे २००१ पासून शेतशिवारातील बिबटे पकडून अन्यत्र सोडण्यात येऊ लागले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाचा अभ्यास केला, तेव्हा माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचे आढळले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय उद्यानात वन विभाग, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून जनजागृतीचा उपक्रम हाती घेतला.

ठिपक्यांवरून ओळख

२०१५ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या एका विद्यार्थ्याने पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधासाठी या उद्यानातील बिबट्यांची पाहणी केली. त्या वेळी या पदवीचे विद्यापीठ सौराष्ट्र विद्यापीठ होते. जंगलातील वाटांच्या दोन्ही बाजूंस स्वयंचलित कॅमेरे बसविण्यात आले. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असते. तिच्या आधारे ३५ बिबटे ओळखण्यात आले. विष्ठेतील केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांच्या भक्ष्याचीही माहिती मिळविण्यात आली. चितळ व सांबर यांसारख्या वन्य प्राण्यांबरोबरच भटक्या कुत्र्यांचा वाटा सुमारे एक चतुर्थांश असल्याचे दिसून आले.

या निष्कर्षाचा अर्थ सरळ आहे. उघड्यावर कचरा साचला की कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागोमाग बिबट्या वस्तीपर्यंत येतो. म्हणजेच बिबट्याचा प्रश्न जितका वन विभागाचा, तितकाच तो नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांच्या सफाईचाही आहे.

जागतिक उद्दिष्टे, स्थानिक काम

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ च्या सप्टेंबरमध्ये २०३० पर्यंत गाठावयाची १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली. त्यांपैकी अकरावे सुरक्षित व शाश्वत वस्त्यांविषयी, तर पंधरावे भूमीवरील जीवसृष्टीच्या रक्षणाविषयी आहे. घोडबंदरच्या पट्ट्यात ही दोन्ही उद्दिष्टे एकाच रस्त्यावर भेटतात. वाहनांच्या धडकेने बिबटे दगावल्याच्या घटनाही येथे घडल्या आहेत. म्हणून रस्ता आखताना प्राण्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा ठाऊक असणे अगत्याचे ठरते आणि ही माहिती क्षेत्रीय संशोधनातूनच मिळते.

प्रबंध कपाटात राहिला, तर पदवीपलीकडे त्याचा उपयोग नाही. जंगलालगतच्या गावांत कचरा वेळेवर उचलणे, पाड्यांच्या वाटेवर दिवे लावणे, अंधार पडल्यावर मुलांना एकटे न पाठविणे, बिबट्या दिसताच गर्दी न करता वन विभागास कळविणे, या गोष्टींना मोठा खर्च येत नाही. पंचायत सदस्यांनी त्या ठरावात आणि शिक्षकांनी वर्गात आणल्या, तर संशोधनाचे फलित पाड्यावरील शेवटच्या घरापर्यंत पोहोचेल.