धडगाव की अक्राणी?

नंदुरबारहून सुटणाऱ्या एसटीच्या पाटीवर ‘धडगाव’ असतं. तिथं उतरून तहसील कचेरीत गेलात, की कागदावर तालुका ‘अक्राणी’. गाव धडगाव, तालुका अक्राणी. तिथल्या माणसाला यात काहीच वावगं वाटत नाही. संगणकाची मात्र पंचाईत होते. ‘अक्राणी’, ‘अक्रानी’ आणि ‘धडगाव’ हे त्याच्या लेखी तीन वेगळे तालुके. म्हणून तर 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला नावाबरोबर सहा अंकी कोड दिलेला होता.

मोबाइल ॲप लिहिणाऱ्यांनाही हेच कोडं रोज सोडवावं लागतं. समजा, अंगणवाडीसाठी एक ॲप आहे. मुलांच्या यादीतल्या एका नावावर सेविकेनं बोट टेकवलं, की त्या मुलाच्या वजनाची स्क्रीन उघडते. आत घडतं ते असं: ॲप स्वतःला सांगतं, ‘वजन_नोंद’वर जा, मुलाचा क्रमांक 14. स्क्रीनच्या या आतल्या नावाला प्रोग्रामर ‘रूट’ म्हणतात. तो सहसा रोमन लिपीत असतो, आणि सेविकेला कधी दिसत नाही.

आता प्रोग्रामरनं एका ठिकाणी ‘वजन_नोंद’ लिहिलं आणि दुसरीकडे घाईत ‘वजननोंद’. प्रोग्रामरनं लिहिलेल्या ओळींचं ॲप बनवणारा कंपायलर अवतरणचिन्हांतला मजकूर तपासत नाही. त्याच्यासाठी ती नुसती अक्षरं. ॲप बिनतक्रार तयार होतं, फोनवर चढतं, आणि सेविकेनं बोट टेकवल्यावर फटकन बंद पडतं. यावर जुना उपाय असा, की सगळे रूट एकाच फाइलीत एकदाच लिहायचे आणि बाकी सगळीकडे तिथूनच घ्यायचे. मग चूक प्रोग्रामरच्या टेबलावरच सापडते. गूगलनं 2024 मध्ये अँड्रॉइडच्या नेव्हिगेशन लायब्ररीच्या 2.8 आवृत्तीत याच्याही पुढची सोय केली: अक्षरांऐवजी थेट कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेतला प्रकारच (टाइप) रूट म्हणून देता येतो, आणि कंपायलर तो तपासतो.

दुसरी खोड जास्त चिवट. स्क्रीनवरचं शीर्षकच रूट म्हणून वापरायचं. उद्या कुणी ‘वजनाची नोंद’चं ‘वाढीची नोंद’ केलं किंवा ॲप हिंदीत नेलं, की वाट तुटली. शीर्षक ही एसटीची पाटी आहे, रूट हा गावाचा कोड. ती खुशाल बदला, कोडला हात लावू नका.

रूट बदलावाच लागला, तर जुनाही चालू ठेवायला हवा. ‘वजन बाकी आहे’ अशी सूचना सर्व्हरवरून येते, तेव्हा तिच्या पोटात रूट असतो. सातपुड्यात, जिथं रेंजचीच मारामार, तिथं कित्येक महिने अपडेट न झालेल्या फोनला नवा रूट कुठून माहीत असणार?

आणि माझं मत विचाराल तर रूटमध्ये फार अर्थ भरू नये. ‘दुसरी_स्क्रीन’ वर्षभरात पाचवी होते, नाव मात्र तेच राहतं.

याचा सर्वांत मोठा धडा नंदुरबार जिल्ह्यातच आहे. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या 12 अंकांत ना गाव, ना जात, ना जन्मसाल. शेवटचा अंक तर फक्त आधीच्या 11 अंकांत चूक झाली का, हे पकडण्यासाठी. आधारवरचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर बदलून मिळतो. क्रमांक तोच राहतो.