जपानी शाळांतील शिस्त आणि आपण

शिस्त म्हटली की डोळ्यांसमोर प्रथम छडी उभी राहते. परंतु छडीने निर्माण होते ती भीती. छडी दृष्टीआड झाली की तीही नाहीशी होते. कोणी पाहत नसतानाही टिकते तीच खरी शिस्त. ती कशी अंगी बाणते, हे समजण्यासाठी जपानमधील शाळांकडे पाहणे उद्बोधक ठरेल असे आम्हांस वाटते.

तेथील मुले शाळेत शिरताना बाहेरचे जोडे काढून आतले जोडे घालतात. प्राथमिक शाळांत दुपारी पाळी असलेली मुले पांढरे अंगरखे व टोप्या घालून आपल्या वर्गबंधूंना वाढतात. वर्ग, जिने आणि पुष्कळ ठिकाणी शौचकूपही विद्यार्थीच स्वच्छ करतात. ज्याला स्वतः जमीन पुसावी लागते, तो तीवर कपटे टाकीत नाही. १९४७ च्या शिक्षण कायद्यान्वये तेथे शारीरिक शिक्षेस मनाई आहे. अर्थात तेथील सारेच अनुकरणीय आहे असे नव्हे. केस काळेच असावेत असले जाचक नियमही तेथे होते. टोकियोच्या सरकारी माध्यमिक शाळांतून त्यांपैकी काही २०२२ साली रद्द झाले.

हा विचार आपणांस परका नाही. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांवर न रागावता त्यांच्या खोल्या स्वतः झाडीत. ते पाहून मुले आपणहून झाडू हाती घेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामे आपणच करीत.

यातच खरे मर्म आहे. आपल्या देशात झाडू जन्माने काही हातांना बांधला गेला. म्हणून शाळेत केवळ मुलींनी किंवा ठराविक मुलांनीच झाडावे, ही शिस्त नसून अन्याय होय. पाळी सर्वांचीच हवी; वर्गात पहिल्या येणाऱ्याचीही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आपल्याकडेही प्राथमिक शिक्षणातून छडी हद्दपार केली. तिची जागा कशाने भरावयाची, हा प्रश्न आता आपला आहे. पैनगंगेकाठच्या आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी बोलणारी मुले एकत्र वाढतात. त्या सर्वांनी पाळीपाळीने एकच अंगण झाडले, तर अंगणाबरोबर मनेही स्वच्छ होतील.