चार पायांचा रांजण

खेड्यात जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळीत पीक उभे राहते, पांढरीवर माणसे राहतात. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली, पडली, पुन्हा बांधली, की चुलीची राख, भिंतींची माती, सारवणाचे पापुद्रे, हाडे, खापरे असे सगळे एकावर एक साचत जाते आणि त्या टेकाडाचा रंगच पांढुरका होतो. शेतकऱ्यांना या मातीचा कस ठाऊक असतो; ती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकल्याने कितीतरी जुन्या वस्त्या नाहीशा झाल्या आहेत. पुरातत्त्वाचा अभ्यासक नदीकाठाने पायी हिंडू लागला, की त्याची नजर आधी हाच रंग शोधत असते.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. भीमेला मिळणारी ही नदी आणि पर्जन्यछायेतला हा मुलूख. पाऊस दगा देणार हे इथल्या माणसाने गृहीतच धरलेले असते. गावाजवळच्या पांढरीवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. हसमुख धीरजलाल सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. तोवर ताम्रपाषाणयुगातल्या वस्त्या म्हणजे एखादा खोल खड्डा आणि त्यातल्या थरांचा क्रम, इतकीच ओळख बहुतेक ठिकाणी झाली होती. इनामगावला मात्र वस्ती आडवी उलगडायची असे ठरले. घराशेजारचे घर, दोन घरांमधली वाट, अंगण, चूल, धान्याचे पेव असे सगळे उघडे करत बारा हंगाम काम चालले आणि शंभराहून अधिक घरांच्या जमिनी उजेडात आल्या. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० एवढ्या काळातली ही घरे. सर्वांत खाली माळवा संस्कृतीचा थर, त्यावर आद्य जोर्वे आणि शेवटी उत्तर जोर्वे. जोर्वे हे नाव संगमनेरजवळच्या गावाचे. तिथे प्रवरेकाठी सांकलियांना तांबड्या अंगावर काळ्या रंगाने नक्षी काढलेली, पातळ, टणत्कार होईल इतकी पक्की भाजलेली भांडी आधी सापडली होती.

इनामगावच्या वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचे एक घर होते. शेजारी धान्याचे कोठार, म्हणजे पेवे आणि कणग्या ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटे. या घराच्या अंगणात खणताना एक मोठा रांजण लागला. हाताने घडवलेला, पोट सुटलेला आणि खाली चार जाड पाय असलेला. आत एक माणूस मांडी घालून बसलेला होता. वय चाळिशीच्या आसपासचे, पुरुष.

अशा वेळी पहिला मोह गोष्ट सांगण्याचा होतो. हा राजा, हा त्याचा वाडा, ही त्याची समाधी! मानव्यविद्यांची सारी मेहनत या मोहाला थोडे थांबवून धरण्यासाठी असते, असे मला वाटते. रांजण आपल्याला एक कृती दाखवतो: कुणीतरी या माणसाला बसवले, वर माती लोटली. त्या वेळी त्यांच्या मनात काय होते, ते रांजण सांगत नाही. कृतीपासून मनापर्यंत जायचे तर मध्ये बरेच अंतर चालावे लागते आणि पावलागणिक आधार दाखवावा लागतो.

पहिला आधार म्हणजे बाकीचे मृत. इनामगावात मोठ्या माणसांना खड्ड्यात उताणे, उत्तरेकडे डोके करून पुरत. जवळ पाण्याचे तोटीचे भांडे आणि वाडगा ठेवत. आणि पुरण्याआधी त्यांची पावले घोट्यापासून तोडत. एकदोन सांगाड्यांची गोष्ट असती तर अपघात म्हणता आला असता, शिक्षा म्हणता आली असती. ही मात्र रीत होती. आता पुन्हा रांजणातल्या माणसाकडे पाहा. त्याची पावले शाबूत आहेत. तो आडवा नाही, बसलेला आहे. त्याच्यासाठी खास भांडे घडवले आहे आणि त्याचे घर वस्तीतल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक, कोठाराला लागून आहे. हे चार वेगळेपण एकाच माणसाच्या ठिकाणी एकवटले, तेव्हा ढवळीकरांनी त्याला वस्तीचा प्रमुख म्हटले. ‘प्रमुख’ हा शब्द हाडांवर लिहिलेला नव्हता. शेजाऱ्यांशी ताडून पाहिल्यावर तो मिळाला.

प्रमुखाची गरज काय होती, याचे उत्तर नदीकडे मिळते. वस्तीच्या कडेने दोनशे मीटरांहून लांब असा दगडमातीचा बांध आणि पाणी वळवून नेणारा चर सापडला. सातूसारखे रब्बीचे पीक घेणाऱ्या, तुटपुंज्या पावसाच्या मुलखातल्या लोकांना पाणी अडवणे-वळवणे जगण्याइतकेच निकडीचे होते. बांध एका घरच्या माणसांनी होत नाही. कुणीतरी माणसे जमवायची, कुणी कुठे खणायचे ते ठरवायचे, तंटे मिटवायचे आणि धान्य साठवून अडीअडचणीला वाटायचे. घरांची मांडणीही काही सांगते. खातीपिती घरे मधल्या भागात आहेत, तर कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला. ही मांडणी वाचताना मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होते. इथे जात होती असे कुणी म्हणू नये, म्हणायला पुरावा नाही. पण कामावरून माणसाची जागा ठरवण्याची सवय या मातीत किती जुनी आहे, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

पावले का तोडली असतील? मृताने उठून चालू लागू नये, घर सोडून जाऊ नये किंवा भूत होऊन परत येऊ नये यासाठी, असा अर्थ उत्खनकांनी लावला. मला त्यातला एक बारकावा फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांची भीती वाटते त्यांना माणसे गावाबाहेर नेऊन टाकतात. इनामगावकरांनी आपले मृत घराच्या जमिनीखाली, अंगणात ठेवले, त्यांच्यावरून रोज सारवण केले, वर चूल पेटवली. नुसती भीती असती तर हे घडले नसते. भीती आणि ओढ एकाच कृतीत होती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

या वस्तीत सापडलेल्या दोनशेहून अधिक दफनांपैकी बहुसंख्य लहान मुलांची आहेत, त्यांतही कित्येक तान्ह्या बाळांची. बाळासाठी दोन करड्या रंगाचे घट घेत, त्यांची तोंडे एकमेकांना जुळवून ते आडवे ठेवत आणि आत बाळ असे. पुन्हा आईच्या पोटात ठेवल्यासारखी ही रचना आहे, असे अभ्यासकांनी सुचवले आहे. चार पायांच्या रांजणाचे सुटलेले पोट पाहिले की तीच कल्पना मोठ्या माणसासाठीही वापरली असावी असे वाटते. आपल्याकडे आजही लहान मूल गेले की त्याला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. तीन हजार वर्षे एक धागा अखंड चालत आला, असा दावा मी करणार नाही. मधले कितीतरी दुवे हाती नाहीत. एवढेच, की ज्या घरात हे घडले आहे त्या घरातल्या माणसाला ते दोन जुळवलेले घट समजावून सांगावे लागणार नाहीत.

इनामगावच्या एका घरात, जमिनीखाली कोपऱ्यात, मातीची एक लंबगोल पेटी पुरलेली होती. तिच्या आत शिर नसलेली एक स्त्रीमूर्ती होती. झाकणावर शिर असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. बिनशिराच्या मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीलाही भोक. काडी घालून पाहिली तेव्हा मूर्ती बैलावर नीट बसली. हे सारे कच्च्या मातीचे, न भाजलेले आहे.

अभ्यासकाने सगळ्यांत जास्त वेळ घालवावा तो या ‘न भाजलेले’ या शब्दावर. याच वस्तीत मोठी गोल भट्टी सापडली आहे. पातळ अंगाची, नादावणारी भांडी भाजण्याचे कसब या लोकांच्या हाती होते. मग देवी कच्ची का ठेवली? घाई झाली होती, की भाजण्याची गरजच नव्हती? इथे आजच्या बेंदराचा, पोळ्याचा आधार घेता येतो. मातीचे बैल घडवायचे, पूजा करायची. सण सरला की त्यांचे काम सरले. शाडूच्या गणपतीचेही तेच. देवत्व तेवढ्या काळापुरते वस्तीला येते, म्हणून मूर्ती टिकावी ही अपेक्षाच नसते. इनामगावची देवी एखाद्या कार्यापुरती, बहुधा बाळंतपणाच्या किंवा मुलाच्या रक्षणाच्या हेतूने घडवली आणि कार्य झाल्यावर पेटीत ठेवून पुरली, असा तर्क यावरून करता येतो. बिनशिराची देवी म्हटले की पुढच्या काळातली लज्जागौरी आठवते. तिच्यावर रा. चिं. ढेरे यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. पण तिच्या मूर्ती आणि इनामगावची ही पेटी यांच्यात हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. साम्य दिसते म्हणून दोघींना एकाच नावाने हाक मारण्याचा मोह मी टाळतो. साम्याची नोंद करावी, नाते सिद्ध झाल्यासारखे लिहू नये.

कच्च्या मातीची वीतभरही नसलेली मूर्ती इतके बोलते, कारण ती जिथे ठेवली होती तिथेच सापडली. याच्या उलट गोष्ट दायमाबादची आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठावर, १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका माणसाच्या कुदळीला काशाच्या चार वस्तू लागल्या: दोन बैल जुंपलेला आणि उभ्या माणसाने हाकलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. भारतीय शिल्पकलेत त्यांना तोड नाही. रथावरचा तो सडपातळ, ताठ उभा माणूस एकदा पाहिला की विसरत नाही. पण त्या वस्तू कुठल्या थरात होत्या, शेजारी कोणते खापर होते, कुणी आणि का ठेवल्या होत्या हे त्या खड्ड्यातच हरवले. म्हणून आजही वाद आहे. काहींनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून शंका घेतली. साठ किलो काशापेक्षा जमिनीखालची कच्च्या मातीची पेटी माणसांविषयी अधिक सांगते. वस्तुसंग्रहालयात आपण बहुतेक वेळा काचेमागची वस्तू पाहतो आणि तिच्या खालची चिठ्ठी वाचत नाही. चिठ्ठीवर कुठे, कोणत्या थरात, कशाशेजारी हे लिहिलेले असेल तर ती आधी वाचावी.

एकदा लावलेला अर्थ कायमचा बसतो असेही नाही. उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इ. स. पू. १००० नंतर, इनामगावची मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली, शेती आटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवरचा भर वाढला. ढवळीकरांनी याचे कारण हवामानात शोधले. पाऊस घटला, शेतकरी अर्धभटके झाले, शेवटी वस्ती उठली, अशी त्यांची मांडणी. दुष्काळाचे चटके सोसलेल्या महाराष्ट्राला ती लगेच पटली, यात नवल नाही. पण त्याच उत्खननातली मुलांची हाडे डेक्कन कॉलेजने जपून ठेवली होती. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी सांगाड्यांचा आणि दातांचा अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. दात घडत असताना मूल आजारी पडले किंवा उपाशी राहिले, तर कवचावर त्याची खूण उमटते आणि ती पुसली जात नाही. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी याच मुलांच्या हाडांची वाढ मोजून २०११ मध्ये पुस्तक लिहिले. शेवटच्या काळातल्या बाळांची वाढ खुंटलेली होती, हे त्यात दिसते. पण पाऊस गेला म्हणून शेतकरी भटका झाला, या सरळ गोष्टीवर त्यांनी प्रश्नचिन्ह लावले. दुष्काळ होता की नव्हता, यापेक्षा त्या काळात लोकांनी काय काय करून पाहिले आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे त्यांनी विचारले. किंमत मोजली ती दोन घटांत ठेवलेल्यांनी.

मला या कामाबद्दल वाटणारा आदर इथे दाटून येतो. ही हाडे १९७० च्या दशकात निघाली. त्यांच्याकडून आणखी काय कळेल हे तेव्हा कुणालाच सांगता आले नसते. तरी प्रत्येक दफनाला क्रमांक दिला, प्रत्येक दात वेगळ्या पुडीत ठेवला, पुडीवर थर लिहिला. पुढे कुणीतरी नवा प्रश्न घेऊन येईल, या भरवशावर केलेले ते काम होते. इतिहास, भाषा, पुरातत्त्व शिकू पाहणाऱ्या मुलांना घरीदारी विचारतात, ‘याचा उपयोग काय?’ मी त्यांना हीच पुडी दाखवीन. तिच्यातल्या दातावरून, लेखन माहीत नसलेल्या एका गावात एक मूल कोणत्या वयात आजारी पडले किंवा उपाशी राहिले हे आज कळते. दुसऱ्या कुठल्याही वाटेने ते कळण्याजोगे नव्हते.

जोर्व्याचे तोटीचे भांडे हातात घेतले तर कळते, की त्याची तोटी पोटावरून थोडी वर उचललेली, तोंडाकडे निमुळती आहे. धार बारीक पडावी, पाणी सांडू नये, अशी. रोजच्या वापरातले हे भांडे. अनेक दफनांत ते सापडते आणि जवळ वाडगा असतो. खड्डा बुजवण्याआधी कुणीतरी घरातले, वापरातले भांडे भरून आणले असेल. घोड नदीचे पाणी उन्हाळ्यात आटते. त्या वर्षी ते किती लांबून आणावे लागले असेल, याचा विचार करत मी नदीच्या कोरड्या पात्राकडे पाहत राहतो.