शिट्टी, झिणझिण्या आणि प्राण

दुखान हे नाव ऐकलं की तिकडच्या नातेवाईकांना हसू आवरत नाही. "काय रे, कुठं दुखतंय?" हा विनोद मी आजवर निदान पन्नास वेळा ऐकलाय, आणि प्रत्येक वेळी सांगणाऱ्याला तो नवाच सुचलेला असतो! खरं म्हणजे अरबीत दुखान म्हणजे धूर. दोह्याहून पश्चिमेला साधारण ८० किलोमीटरवर, समुद्राकाठचं हे आमचं गाव. इथली पहिली तेलविहीर खोदायला १९३८ साली सुरुवात झाली आणि कतारच्या तेलाची कहाणी इथूनच सुरू होते. अशा या 'धूर' नावाच्या गावात चाळिशी उलटल्यावर मी श्वास घ्यायला शिकलो, त्याची ही हकिकत.

तेलाच्या धंद्यातल्या मंडळींना हायड्रोजन सल्फाइड हे प्रकरण नव्यानं सांगायला नको. थोडा असला तर कुजक्या अंड्यांचा वास येतो. पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं आणि 'वास गेला, म्हणजे वायू गेला' असं समजणारा माणूस फसतो. म्हणून बी.ए. सेट चढवायचा सराव सगळ्यांनाच करावा लागतो, माझ्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्या इंजिनिअरलाही. पाठीवर ६ लिटरचं सिलिंडर, दाब ३०० बार, म्हणजे साधारण १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर वापरलीत तर ४५ मिनिटं पुरते. संपत आली की शिट्टी वाजते.

काही वर्षांपूर्वीच्या सरावात माझी शिट्टी बाविसाव्या मिनिटाला वाजली. सगळ्यांच्या आधी! मास्क चढवल्याबरोबर छाती भरून आली होती, काचेवर वाफ धरली होती आणि मी भात्यासारखा धापा टाकत होतो. माझ्या जोडीला एक मलेशियन चिनी सहकारी होते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. ते आपले देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे निवांत चालत होते. सराव होता म्हणून ठीक. खऱ्या प्रसंगात माझ्यामुळे त्यांनाही अर्ध्यातून परतावं लागलं असतं, हा विचार मला रात्रभर छळत राहिला.

मग ठरवलं, प्राणायाम करायचा. आपल्या घरचीच विद्या, त्यात काय शिकायचं? मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि पहाटे उठून दणादण भस्रिका सुरू केली. चौथ्या दिवशी हातांना झिणझिण्या आल्या, ओठ बधिर झाले, बोटं आखडली, डोकं हलकं झालं. मला वाटलं, आला प्राण! सौभाग्यवतींना सांगितलं, "बहुतेक कुंडलिनी जागी झाली." त्या शांतपणे म्हणाल्या, "जागी झाली असेल तर तिला चहा टाकायला सांगा."

मंडळाच्या पिकनिकला एका डॉक्टर मित्राला विचारलं, तेव्हा तो आधी पोट धरून हसला. जोरजोरात श्वास घेतल्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, रक्त त्यानं आधीच जवळजवळ भरलेलं असतं. उलट कार्बन डायऑक्साइड मात्र भराभर बाहेर जातो. त्यामुळे रक्ताचा अल्कलीपणा वाढतो, मोकळं कॅल्शियम घटतं आणि नसा उगाच चाळवतात. मेंदूकडचा रक्तप्रवाहही कमी होतो, म्हणून गरगरतं. थोडक्यात, ज्याला मी प्राण समजलो ते मास्कमधलंच धापा टाकणं होतं, फक्त सतरंजीवर बसून केलेलं!

मग शरण गेलो त्या मलेशियन गृहस्थांना. हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी ते दुखानच्या किनाऱ्यावर उभे असत. गुडघे किंचित सैल, खांदे सोडलेले, दोन्ही हात पोटापुढे जणू फुगा धरलाय असे. याला छी-कुंग म्हणतात, 'छी' म्हणजे श्वास, वाफ, आणि म्हणून जीवनशक्तीही. पहिले तीन आठवडे त्यांनी मला काहीच शिकवलं नाही. नुसतं उभं राहायचं आणि श्वास आपोआप खाली उतरू द्यायचा, बेंबीखाली तीन-चार बोटांवर. चौथ्या आठवड्यात म्हणाले, आता तळहातांकडे लक्ष दे. दोन्ही तळवे समोरासमोर, मध्ये वीतभर अंतर. काही मिनिटांनी तळव्यांत ऊब जाणवली, मग मंद ठोके, आणि हात जवळ आणले की मध्ये काही मऊ दाबल्यासारखं वाटलं. ओठ बधिर नाहीत, गरगर नाही. झिणझिण्यांपेक्षा हे अगदी वेगळं होतं.

"हे मी नेतो कुठं? कसं?" मी विचारलं. ते म्हणाले, "छी ढकलायची नाही. मन जिथं जातं, तिथं ती मागून येते."

हे वाक्य ऐकलं आणि मी वाळूतच बसलो. कारण अगदी हेच मी मिरजेच्या आमच्या घरात ऐकलं होतं. आमच्या बाबांना दमा. लोणावळ्याच्या कैवल्यधामात राहून ते श्वास सोडायला शिकून आले होते. रोज पहाटे बसायचे, चार अंकांत श्वास आत, आठ अंकांत बाहेर. 'प्राण बेंबीपर्यंत नेतो' म्हणायचे. मी तेव्हा अमेरिकेतून एम.एस. करून नुकताच सुट्टीवर आलो होतो. शिंगं फुटलेली! मी त्यांना कागदावर फुप्फुसाची आकृती काढून दाखवली आणि म्हटलं, "बाबा, हवा पडद्याच्या खाली जात नाही." ते एवढंच म्हणाले, "अरे, हवा कोण नेतंय? मी लक्ष नेतो." मला ती पळवाट वाटली. आता ते नाहीत.

गंमत म्हणजे ज्या कैवल्यधामाला मी मनातल्या मनात नावं ठेवत होतो, ते १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी मोजमापाच्या हट्टापायीच काढलं होतं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवलं आणि आपल्या गुरूंच्या नावावरून त्याला 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटलं. प्राणायामात भरपूर ऑक्सिजन मिळतो ही समजूतही त्यांनी मोडून काढली होती. म्हणजे माझ्या डॉक्टर मित्राच्या कित्येक दशकं आधी!

इंजिनिअरचा पिंड गप्प बसू देईना, म्हणून मी बोटाला तापमापक चिकटवून बसलो. वीस मिनिटांत पारा दोन-अडीच अंश चढला. हे काही नवल नव्हे, शरीर सैलावलं की हाताच्या बारीक रक्तवाहिन्या उघडतात. हर्बर्ट बेन्सन यांनी १९८२ साली तिबेटी भिक्षूंच्या बोटांचं तापमान ८ अंशांहून अधिक चढल्याचं नोंदवलं होतं. इटलीत लुचियानो बेर्नार्डी यांना २००१ साली आढळलं की जपमाळेची लॅटिन प्रार्थना असो की बौद्ध मंत्र, म्हणणाऱ्याचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळते. बाबांचं चार आणि आठ म्हणजे बारा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला पाच.

मग छी खरी की रक्त खरं? माझं प्रामाणिक मत, ऊब रक्ताची आहे. पण ती हाताकडे वळते ती लक्षामुळे, आणि ते वळवणं सरावानं जमतं. एवढं मला पुरतं. छीनं कॅन्सर बरा करतो किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा म्हणणाऱ्यांपासून मात्र चार हात दूर राहावं. हठप्रदीपिकेतही म्हटलंय की प्राणाला सिंह-हत्तीसारखं हळूहळू माणसाळवावं, घाई केली तर तोच साधकाला मारतो. आमच्या सेफ्टीवाल्यांनी ही सूचना फलकावर लावायला हरकत नाही.

ते सहकारी पुढे निवृत्त होऊन इपोहला गेले. जाण्याआधी आम्ही आणखी एक सराव जोडीनं केला. मास्क चढवला, काचेवर वाफ आली, छाती भरू लागली. मी लक्ष बेंबीखाली नेलं आणि श्वास सोडताना आठ मोजायला लागलो, बाबांच्या चालीत. धावपळीत आठ काही जमले नाहीत, पाच-सहापर्यंत पोचत होतो. माझी शिट्टी चौतिसाव्या मिनिटाला वाजली. त्यांची त्यानंतर चार मिनिटांनी.